टोक काळं पडलं तर

सिंगापूरच्या जालान बेसार रस्त्यावरच्या सिम लिम टॉवरमध्ये इलेक्ट्रॉनिक्सचे सुटे भाग मिळतात. हौशी मंडळी सोल्डरिंग आयर्नचं नवं टोकही तिथून आणतात. पण ‘सोल्डर चिकटतच नाही’ एवढ्यावरून टोक बदलायची घाई करू नये.

टोकाचा गाभा तांब्याचा, त्यावर लोखंडाचा पातळ मुलामा आणि कामाच्या भागावर कथील. कथील उडालं की तापलेलं लोखंड हवेतल्या ऑक्सिजनने काळवंडतं आणि सोल्डर गोळी होऊन घरंगळतं. अशा वेळी कानस किंवा पॉलिशपेपर मुळीच नको; मुलामा फाटला की सोल्डर तांबं खात जातं. तापलेलं टोक पितळी जाळीत फिरवावं, फ्लक्स लावून ताजं सोल्डर चढवावं. भांड्याला कल्हई करताना नवसागर जे करतो, तेच इथे फ्लक्स करतो. काम संपल्यावरही सोल्डरचा थर पुसू नये. तो ठेवूनच बटण बंद करावं.

६३/३७ कथील-शिसं १८३ अंशांना वितळतं, शिसेविरहित सोल्डर साधारण २१७च्या पुढे. त्यामुळे दुसऱ्याला जास्त उष्णता लागते आणि टोक लवकर झिजतं.

आयर्न तापतच नसेल तर आधी प्लग काढून त्यातला फ्यूज पाहावा. मग आयर्न थंड झाल्यावर मल्टीमीटर लावावा. सिंगापुरात वीज २३० व्होल्टची, म्हणून निक्रोम तारेच्या साध्या २५ वॅटच्या आयर्नचा रोध सुमारे २१०० ओहम भरतो. मीटर काहीच दाखवत नसेल, तर वायर किंवा तापक तार तुटलेली आहे.