चार रुपये महिन्याचा गोलंदाज

1885 साली इंग्लंडच्या फुटबॉल असोसिएशनने पैसे घेऊन खेळणाऱ्यांना मान्यता दिली. लँकेशायरच्या संघांत पैशाची देवघेव त्याआधीही चालायचीच. आता ती उघड झाली एवढंच. क्रिकेटमध्ये मात्र हौशी 'जंटलमन' आणि पगारी 'प्लेअर' यांच्यातली भिंत पुढे कित्येक दशकं टिकली. गोलंदाजीचे कष्ट पगारी खेळाडूने उपसायचे, कप्तानी साहेबाने मिरवायची.

ती भिंत साहेबाने पुण्यात आणली तेव्हा इथे तिच्याहून जुनी एक भिंत उभीच होती. दोन्हींच्या मध्ये सापडले बाळू पालवणकर.

1876 साली धारवाडला, चर्मकार कुटुंबात त्यांचा जन्म. वडील लष्करात. पुण्यात पारशांच्या क्लबात बाळूंना मैदान झाडायचे तीन रुपये महिना मिळत. 1892च्या सुमारास गोऱ्यांच्या पूना क्लबात गेले, तिथे चार रुपये. रोलर ओढायचा, नेट बांधायचं आणि साहेब सरावाला आला की डावखुरी फिरकी टाकायची. कॅप्टन ग्रेग हा तिथला कसलेला फलंदाज. बाळूंनी बाद केलं की तो दर विकेटला आठ आणे द्यायचा, असं सांगतात. खरं असेल तर आठ विकेटांत महिन्याचा पगार! मात्र त्या नेटमध्ये बाळूंच्या हाती बॅट म्हणून कोणी दिली नाही.

पुण्याच्या हिंदू संघात त्यांना घ्यायचं की नाही, यावर बरीच खळखळ झाली. शेवटी घेतलं, कारण गोऱ्यांना हरवायचं होतं. मैदानावर चेंडू सगळ्यांचा एकच. चहाच्या वेळी बाळूंना मात्र पॅव्हेलियनबाहेर मातीच्या भांड्यात चहा. विटाळ नेमका चहाच्या सुट्टीतच कसा लागायचा, हे त्या मंडळींनाच ठाऊक.

पुढे मुंबईच्या हिंदू जिमखान्याकडून खेळू लागल्यावर तिथे पंगत तरी एक झाली. 1906 साली हिंदूंनी युरोपियनांना 109 धावांनी हरवलं, त्या संघात बाळू आणि त्यांचे धाकटे भाऊ शिवराम दोघंही होते. 1911च्या इंग्लंड दौऱ्यावर भारतीय संघाचे कप्तान पतियाळाचे तरुण महाराज भूपिंदरसिंग. संघ हरत राहिला आणि बाळूंनी 114 बळी घेतले. लेस्टरशायरविरुद्धच्या विजयात त्यांचेच अकरा.

प्रथम श्रेणीचे 33 सामने, 179 बळी, सरासरी पंधराच्या आसपास. हे आकडे नेहमी दिले जातात, पण ते सुरू होतात बाळू तिशीला टेकल्यावर. पूना क्लबच्या नेटमध्ये टाकलेले चेंडू कुठल्याच धावपुस्तकात नाहीत. ती मजुरी होती.

कप्तानी त्यांना अधिकृतपणे कधीच मिळाली नाही. 1920 साली मुंबईच्या स्पर्धेत हिंदू संघातून त्यांना वगळल्यावर शिवराम आणि विठ्ठल हे भाऊही संघाबाहेर पडले. मग अंतिम सामन्यासाठी तिघांनाही बोलावणं आलं आणि बाळूंना उपकप्तानपद. तीन वर्षांनी विठ्ठल हिंदूंचे कप्तान झाले. पुढे कप्तानीचा हा वाद गांधींच्या नावाने मिटल्याचं सांगितलं गेलं. मला मात्र वाटतं, भावांच्या बहिष्काराचं श्रेय त्यात झाकलं गेलं.

मैदानानंतर राजकारण. 1932च्या पुणे करारावर बाळूंची सही आहे. 1937च्या निवडणुकीत काँग्रेसने त्यांना मुंबईत उभं केलं ते डॉ. आंबेडकरांसमोर, ज्यांनी एके काळी त्यांचा जाहीर गौरव केला होता. आंबेडकरांना 13,245 मतं पडली, बाळूंना 11,225.