घरकुल मंजूर झालं, पण घर जोत्यावरच का अडकतं? हप्त्यांचं गणित आधी समजून घ्या

घरकुलाचं मंजुरीपत्र हातात पडलं की घरात आनंद होतो. जुनं घर पाडलं जातं, पाया खणला जातो. पण अनेक ठिकाणी काम जोत्यावर नाहीतर लिंटेलवर येऊन थांबतं आणि घरच्यांचा पावसाळा पत्र्याच्या शेडमध्ये जातो. अनुदान मिळत नाही असं नाही. घराचा आकार आणि पैसे मिळण्याची वेळ यांचा मेळ बसत नाही, हे त्याचं मोठं कारण आहे.

पैसे किती मिळतात?

प्रधानमंत्री आवास योजनेत (ग्रामीण) सपाट भागात 1 लाख 20 हजार रुपये मिळतात. राज्य सरकारने 2025 मध्ये त्यात 50 हजारांची वाढ केली. त्यातले 35 हजार बांधकामासाठी आहेत, तर 15 हजार छतावर सौर यंत्रणा बसवली तरच मिळतात. रोजगार हमीतून 90 दिवसांची मजुरी धरली जाते. 2025-26 च्या 312 रुपये दराने ती 28 हजार 80 रुपये होते. आधी लाभ घेतला नसेल तर शौचालयासाठी 12 हजार वेगळे. सौरचे सोडून ही बेरीज साधारण 1 लाख 95 हजार होते.

पैसे कधी मिळतात?

सगळी रक्कम एकदम येत नाही. 1 लाख 20 हजारांचे साधारण चार हप्ते पडतात: सुरुवातीला 15 हजार, जोतं झाल्यावर 70 हजार, लिंटेलपर्यंत काम आल्यावर 30 हजार आणि घर पूर्ण झाल्यावर 5 हजार. प्रत्येक टप्प्याचा जागेवरचा फोटो ऑनलाइन चढल्यावरच पुढचा हप्ता निघतो. म्हणजे जोतं 15 हजारांत उभं करायचं किंवा वरचा पैसा आपण घालायचा. काळ्या जमिनीत पाया खोल न्यावा लागतो, तिथे हा खर्च आणखी वाढतो.

गणित कुठे चुकतं?

योजनेत घराचं किमान क्षेत्र 25 चौरस मीटर, म्हणजे साधारण 269 चौरस फूट आहे. चौरस फुटाला 1,200 रुपये खर्च धरला तर तेवढंच घर 3 लाख 23 हजारांना पडतं. "घर काय परत परत होतंय का?" म्हणून 500 फुटांचं जोतं टाकलं, तर तोच खर्च 6 लाखांवर जातो. अनुदान मात्र तेवढंच राहतं.

मग सावकार आठवतो. शेकडा महिना 3 रुपये ऐकायला कमी वाटतात, पण ते वर्षाला 36 टक्के होतात. 1 लाखाला वर्षाचे 36 हजार फक्त व्याज, मुद्दल तसंच. घरकुल लाभार्थ्यांना सवलतीच्या व्याजाने 70 हजारांपर्यंत कर्जाची तरतूद योजनेतच आहे. मंजुरीपत्र घेऊन आधी बँकेत विचारावं. घरातल्या बाईचा बचत गट असेल तर तिथेही चौकशी करावी.

पाया खणण्याआधी हे करा

- गवंड्याकडून जोतं, लिंटेल आणि स्लॅब किंवा पत्रा, असा टप्प्याटप्प्याचा खर्च कागदावर लिहून घ्या.
- जोत्याचे पैसे हातात असल्याशिवाय जुनं घर पाडू नका.
- खातं आधारशी जोडलेलं आणि चालू आहे का, हे बँकेत तपासा.
- रोजगार हमीचं जॉबकार्ड काढा, हजेरी लागते का ते बघत राहा.
- घरकुलाला 5 ब्रासपर्यंत वाळू मोफत मिळते. तहसील कार्यालयात पाससाठी वेळेत अर्ज करा. वाहतुकीचा खर्च मात्र धरून ठेवा.
- फोटो काढायला किंवा हप्ता सोडायला कुणालाही पैसे द्यायचे नसतात. कुणी मागितले तर पंचायत समितीत गटविकास अधिकाऱ्यांकडे लेखी तक्रार द्या.

मोठं घर हवं असेल तरी आधी दोन खोल्या पूर्ण करा आणि पुढच्या खोलीसाठी जागा मोकळी सोडा. सुगी चांगली झाली की ती खोली वाढवता येते. छत पडलेल्या दोन खोल्यांत पावसाळा निघतो, चार खोल्यांच्या नुसत्या जोत्यावर निघत नाही.