यंत्राची जागा अभ्यास गटात

वनहक्क कायद्याच्या कलम ६ मध्ये एक वाक्य आहे : जिल्हास्तरीय समितीचा निर्णय अंतिम आणि बंधनकारक राहील. २००६ च्या या केंद्रीय कायद्याचा मजकूर पोटात घेतलेल्या एखाद्या एआय साधनाला विचारा, ‘जिल्हा समितीने दावा फेटाळला, आता पुढे काय?’ ते या वाक्यावर बोट ठेवून थेट उच्च न्यायालयाचा रस्ता दाखवण्याची शक्यता मोठी. गडचिरोलीत मुरलेला वकील मात्र आधी गावाचे नाव विचारील. कारण १८ मे २०२० रोजी महाराष्ट्राच्या राज्यपालांनी पाचव्या अनुसूचीतले अधिकार वापरून अनुसूचित क्षेत्रापुरता हा कायदा बदलला आणि जिल्हा समितीच्या वर विभागीय समितीकडे अपिलाची एक पायरी बसवली. धानोरा, एटापल्ली, भामरागडच्या दावेदाराला ती पायरी आहे. चंद्रपूर जिल्ह्यात ती मुख्यतः जुन्या राजुरा तालुक्यातल्या गावांना आहे. वर्धा नदी ओलांडली की त्याच कायद्याखाली दाद मागण्याची वाट बदलते, आणि हे गाव कुठल्या यादीत बसते ते यंत्राला कुणीतरी सांगावे लागते.

वकिली आणि कृत्रिम बुद्धिमत्ता यांच्या जोडीची मुंबई-पुण्यातली चर्चा बहुतेक कंपन्यांच्या करारांभोवती फिरते. माझ्या मते या जोडीची खरी गरज वैनगंगेच्या दोन्ही काठांना आहे. तिथे कागद फार आणि वकील थोडे. जबरानजोतीचा, म्हणजे कसत असलेल्या वनजमिनीचा, साधा दावा घ्या. १३ डिसेंबर २००५ च्या आधीपासूनचा ताबा दाखवायचा. दावेदार आदिवासी नसेल तर त्या तारखेच्या मागे तीन पिढ्यांचा, म्हणजे ७५ वर्षांचा, वनावर अवलंबून असलेला रहिवास सिद्ध करायचा. ग्रामसभेने ठराव केला, पण उपविभागीय समितीने तो मानला नाही, तर निर्णय कळल्यापासून ६० दिवसांत दाद मागायची. नाकारण्याचे कारण अनेकदा एका ओळीचे असते : ‘पुरावा अपुरा’. एवढ्यावरून काय लढायचे, हे ठरवण्यातच निम्मे दिवस जातात.

इथे यंत्र खरोखर कामाचे. एका तालुक्यातल्या नाकारलेल्या दाव्यांचे सगळे आदेश स्कॅन करून दिले, तर ते थोड्या वेळात त्यांची वर्गवारी लावून देते : कुठे कारणच लिहिलेले नाही, कुठे दावेदाराला निर्णय प्रत्यक्ष कळवल्याची नोंद नाही, कुठे केवळ उपग्रहाच्या छायाचित्रात शेत दिसले नाही म्हणून दावा गेला. हा शेवटचा गठ्ठा वकिलाने आधी उचलावा. २०१२ च्या दुरुस्तीत आलेला नियम १२-अ सांगतो, की उपग्रहाची चित्रे आणि तंत्रज्ञानाची इतर साधने अन्य पुराव्याला जोड देऊ शकतात, त्याची जागा घेऊ शकत नाहीत. (एआयचा गाजावाजा सुरू होण्याच्या दहा वर्षे आधी जंगलाच्या कायद्याने हे लिहून ठेवले, याची गंमत वाटते.) त्याच नियमानुसार दंडाच्या पावत्या किंवा वनगुन्ह्याचे अहवाल हे दावा फेटाळण्याचे एकमेव कारण होऊ शकत नाही. उलट, ज्या जमिनीवरून बापाला दंड झाला, ती जमीन बाप कसत होता हे त्या पावतीइतके स्पष्ट दुसरा कुठला कागद सांगणार?

जुन्या कागदांचे काम याहून नाजूक. चांदा जिल्हा मध्य प्रांतातला, त्यामुळे निस्तार पत्रक आणि वाजिब-उल-अर्ज यांत गावाने कुठून सरपण आणले, गुरे कुठे चारली, याच्या नोंदी सापडतात. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेनेही त्यांना कलम १६१ आणि १६५ मध्ये जागा दिली आहे. राजुरा १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात होते, आणि तिथल्या कारभाराची भाषा उर्दू. असे हस्तलिखित वाचून त्याचा मसुदा काढून देणारी साधने आता आहेत. पण ती अडखळत नाहीत, हाच त्यांचा धोका. जुना कारकून पुसट आकड्यापाशी थांबून विचारायचा. यंत्र १ चा ९ करून मोकळे होते, आणि दावा शेजारच्या गटात जाऊन पडतो. म्हणून यंत्राने वाचलेली प्रत्येक नोंद मूळ पानाशी ताडून पाहणारा माणूस हवाच.

ताडून न पाहिल्यास काय होते, याची उदाहरणे आता दूर शोधावी लागत नाहीत. २०२३ मध्ये न्यूयॉर्कमधल्या वकिलांनी चॅटजीपीटीने रचलेले निवाडे न्यायालयात सादर केले आणि पाच हजार डॉलरचा दंड भरला, ही गोष्ट जगभर गाजली. ऑक्टोबर २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने एका कंपनीची प्राप्तिकर आकारणी रद्द केली, कारण आदेशात आधार म्हणून दिलेले निवाडे अस्तित्वातच नव्हते. इथे चूक वकिलाची नव्हती, आदेश काढणाऱ्या सरकारी यंत्रणेची होती. कंपनीकडे ते तपासायला वकील होते. कोरचीच्या शेतकऱ्याच्या हातात उद्या असा आदेश पडला, तर तो निवाडा खरा की खोटा हे पाहणार कोण?

न्यायसंस्थेने यंत्राला मज्जाव केलेला नाही. मूळचे नागपूरचे शरद बोबडे सरन्यायाधीश असताना २०१९ मध्ये निवाड्यांच्या भाषांतरासाठी ‘सुवास’ आणि २०२१ मध्ये न्यायाधीशांना संशोधनात मदत करणारे ‘सुपेस’ आले. ते आणताना निर्णय माणसाचाच राहील, हेही बोबडे यांनी सांगितले होते. केरळ उच्च न्यायालयाने २०२५ मध्ये जिल्हा न्यायालयांसाठी धोरण काढून तेच नियमात बसवले.

भाषेचा प्रश्न गडचिरोलीत तिहेरी आहे. म्हातारा माडियात किंवा गोंडीत बोलतो, समिती मराठीत ऐकते, नागपूर खंडपीठात इंग्रजी लागते. नियम १३ प्रमाणे दावेदाराखेरीज इतर वडीलधाऱ्यांचे लेखी उतरवलेले निवेदन हा पुरावा आहे. विहिरी, दफनभूमी, देवस्थाने हाही पुरावा आहे. केंद्रीय आदिवासी कार्य मंत्रालयाने २०२५ मध्ये ‘आदि वाणी’ हे भाषांतराचे साधन प्राथमिक रूपात आणले, त्यात गोंडी आहे; पण ती छत्तीसगडची गोंडी. भामरागडची माडिया त्या साच्यात जशीच्या तशी बसेल असे धरून चालणे धाडसाचे. निवेदन रेकॉर्ड करावे, यंत्राकडून कच्चा मसुदा घ्यावा, मग तो त्याच म्हाताऱ्याला त्याच्या भाषेत वाचून दाखवावा आणि त्यानंतरच अंगठा घ्यावा. या शेवटच्या वाचनाला गावातला, ती बोली जाणणारा विधी स्वयंसेवकच हवा.

मग यंत्राला बसवायचे कुठे? उत्तर गडचिरोलीतल्या मेंढा-लेखाने फार आधी देऊन ठेवले आहे. २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळवणाऱ्या या गावात कार्यकर्ते मोहन हिराबाई हिरालाल यांच्या साथीने दोन वेगळ्या बैठकी रुजल्या. अभ्यास गटात बाहेरचा कुणीही येऊ शकतो, जाणकार, अधिकारी, वकील; तो माहिती देतो, वाद घालतो. निर्णय मात्र ग्रामसभा घेते, तोही सर्वसहमतीने, आणि तिथे पाहुण्याला मत नाही. यंत्र अभ्यास गटातले. ठेकेदाराने तेंदूपत्त्याच्या करारनाम्यात यंदा कुठली अट गुपचूप बदलली, हे त्याने मागच्या वर्षीच्या प्रतीशी ताडून दाखवावे. वकिलाने त्या अटीने रॉयल्टी कशी अडकू शकते ते समजावून सांगावे. सही करायची की नाही, ते गाव ठरवील. वकील इथे यंत्राचा चालक नाही, जामीन आहे. मसुदा चुकला तर बार कौन्सिलपुढे उत्तर त्यालाच द्यायचे आहे.

एक गोष्ट मात्र ग्रामसभेने वकिलाकडेही सोपवू नये. देवस्थानांच्या जागा, दफनभूमीचे नकाशे, वंशावळी हे सगळे फुकटच्या मोबाइल अॅपमध्ये टाकले, की ते कुणाच्या सर्व्हरवर गेले याचा पत्ता गावाला लागत नाही. खाणपट्ट्यांच्या या मुलखात तो तपशील केवळ सांस्कृतिक नाही. कुठली माहिती बाहेर जाईल, याचा ठराव आधी व्हावा आणि काम जिल्ह्यातल्याच संगणकावर चालावे.

पैशाची सबब पुढे येईलच. पण राज्य सरकारने २०२४ मध्ये पोलिसांच्या तपासाला एआयची जोड देण्यासाठी नागपुरात ‘मार्वल’ ही कंपनी स्थापन केली. फिर्यादीच्या बाजूला हे बळ मिळाले आहे. दुसऱ्या बाजूला १९८७ चा विधी सेवा प्राधिकरण कायदा आदिवासींना, स्त्रियांना आणि कोठडीतल्या माणसाला उत्पन्न न पाहता मोफत वकील देतो. त्या वकिलाला आरोपपत्राची पाने मात्र एकट्यानेच चाळायची असतात. गडचिरोली आणि चंद्रपूर या दोन्ही जिल्ह्यांच्या विधी सेवा प्राधिकरणांना प्रत्येक तालुक्यासाठी एक स्कॅनर, एक तपासलेले साधन आणि ते चालवणारा प्रशिक्षित कारकून मिळावा. पहिले काम ठरलेलेच आहे : नाकारलेल्या दाव्यांचे आदेश, त्यातही ज्यांचे ६० दिवस अजून संपलेले नाहीत ते आधी.