रानटी भातात दडलेली रोगप्रतिकारशक्ती

तेरेखोल नदीकाठच्या खाजनांना खारे पाणी नवे नाही. बांध आणि मानस यांच्या आधाराने येथील शेतकरी पिढ्यान्‌पिढ्या भात पिकवत आला आहे. खार सोसणारा कोरगुट हा गोव्याच्या खाजनांचा जुना सोबती. त्यातूनच निवड करून जुने गोवे येथील केंद्रीय किनारी कृषी संशोधन संस्थेने ‘गोवा धान’ हे वाण विकसित केले. मात्र खार सोसणारे भात रोगही सोसेलच असे नाही. त्यासाठी शास्त्रज्ञ भाताच्या रानटी भाऊबंदांकडे वळतात.

माणसाने हजारो वर्षे अधिक दाणे आणि चांगली चव पाहून बियाणे राखले. या निवडीत रोगाशी झुंजणारी अनेक जनुके मागे पडली. तळ्याकाठी आपोआप उगवणाऱ्या रानटी भातात ती टिकून राहिली. फिलिपाइन्समधील आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेने खुरट्या रोगाच्या विषाणूविरुद्ध सहा हजारांहून अधिक नमुने तपासले, तेव्हा उपयोगी ठरला तो उत्तर प्रदेशातील एक रानटी भात. त्याच्या संकरातून १९७०च्या दशकात रोगप्रतिकारक वाण तयार झाले.

पूर्वी अशा संकरात प्रत्येक पिढीत रोपांना रोगाची लागण करून पाहावी लागे. भाताच्या बारा गुणसूत्रांचा जनुकक्रम २००५मध्ये प्रसिद्ध झाला. या कामात भारताचाही वाटा होता. आता रानटी भाताचा क्रम त्याच्याशी ताडून उपयुक्त जनुकाची खूण निश्चित करता येते. कोवळ्या रोपाच्या पानाचा तुकडाही तपासणीस पुरतो. रानटी झाडाचे दाणे गळणे, कमी उत्पादन असे दोष पुन्हा पुन्हा संकर करून दूर केले जातात.

हैदराबादच्या संस्थांनी याच मार्गाने ‘सांबा मसुरी’ या लोकप्रिय वाणात कडा करप्याला रोखणारी तीन जनुके आणली. त्यांपैकी एक आफ्रिकेतील रानटी भाताचे आहे. एकाच जनुकावर रोगजंतू कालांतराने मात करू शकतो; तीन कुलुपे एकदम उघडणे त्याला अवघड जाते. सुधारित वाण २००८मध्ये प्रसारित झाले.

खाजनांसाठी मात्र खार आणि रोग दोन्ही सोसणारे भात हवे. त्यासाठी कोरगुट जितका मोलाचा, तितकेच तळ्याकाठचे रानटी भातही. जनुकक्रम संगणकात साठवता येतो. पण संकरासाठी जिवंत रोपच लागते. तळी बुजली आणि खाजने ओसाड पडली, तर वाचलेला क्रम केवळ नोंद म्हणून उरेल.