विश्लेषण : जुन्या मोटारींच्या तारांच्या चाकांची तपासणी कशी करतात?

व्हिंटेज मोटारींच्या रॅलीत तारांची चकचकीत चाके सर्वांचे लक्ष वेधून घेतात. मात्र, पॉलिश केले म्हणून शतकभर जुने चाक सुरक्षित ठरत नाही. एखादा आरा तुटला तरी मोटार धावत राहते, त्यामुळे बिघाड उशिरा लक्षात येतो.

ही चाके आली कुठून?

कार्ल बेन्झ यांच्या १८८५ मधील तीनचाकी मोटारीला सायकलसारखीच तारांची चाके होती. पुढे जड मोटारींसाठी लाकडी चाके रूढ झाली. त्यानंतर कोव्हेंट्रीच्या रज-व्हिटवर्थ या सायकल कंपनीने १९०८ च्या सुमारास, जॉन पग यांच्या रचनेनुसार, मधला एकच नट काढून बदलता येणारे तारांचे चाक आणले.

आरे का तुटतात?

सर्व आरे ताणलेले असतात. चाक फिरताना जमिनीकडे येणाऱ्या आऱ्यांचा ताण कमी होतो आणि वर जाताना पुन्हा वाढतो. काही आरे सैल असतील, तर शेजारच्यांवर जास्त भार येतो. असे हजारो वेळा झाले, की आरा बहुधा हबजवळच्या बाकावर तुटतो.

तपासणी कशी होते?

मोटार जॅकवर उचलून स्टँडवर टेकवतात. चाक स्वच्छ करून गंज, तडे आणि वाकलेले आरे शोधतात. जाड रंगाखाली तडे लपू शकतात. मग प्रत्येक आऱ्यावर लहान पान्याने हलकेच टिचकी मारतात. घट्ट आरा खणखणतो, तर सैल आरा बद्द वाजतो. मात्र तुलना एकाच ओळीतील, सारख्या लांबीच्या आऱ्यांचीच करायची असते. कडेला सूचक धरून चाक फिरवले, की ‘आउट’ कळतो. सायकल दुकानात काढतात, तोच हा आउट. आरे आवळण्यापूर्वी टायर-ट्यूब उतरवतात. नाही तर पुढे आलेले टोक ट्यूबमध्ये घुसू शकते.

हबची परीक्षा कोणती?

ब्रेक दाबून ठेवून उचललेले चाक पुढे-मागे हलवतात. हब स्थिर राहून चाक हलले, तर आतले दाते झिजलेले असतात. गाडी पुढे-मागे घेताना येणारा ‘टक्’ आवाज आणि दात्यांभोवती दिसणारी तांबूस भुकटी हीदेखील त्याचीच लक्षणे. दाते सुरीसारखे धारदार झाले असतील, तर चाक वापरू नये.

सर्वात मोठा धोका कशात?

रज पद्धतीत मोटारीच्या डाव्या हबला उजवे आटे आणि उजव्या हबला डावे आटे असतात. त्यामुळे चालताना नट घट्ट होत जातो. दुरुस्तीत हबांची अदलाबदल झाली, तर हाच नट सैल होत जातो आणि धावत्या मोटारीचे चाक निखळू शकते. म्हणून ‘जुनी पण देखणी’ मोटार घेताना आधी आटे, मग दाते आणि शेवटी चकाकी पाहावी.