पाच सिलिंडर का, सहा का नाहीत?

रेडियल इंजिनात सगळे सिलिंडर एकाच क्रँकभोवती गोलाकार बसतात. फोर-स्ट्रोकला एका रांगेत ते विषमच हवेत. पाचांचा क्रम १-३-५-२-४. दर १४४ अंशांवर एक स्फोट. सहा घेतले की ही लय बिघडते.

असे इंजिन घरच्या लेथवर बनवताना खरी कसोटी मास्टर रॉडची, कारण उरलेले चार रॉड त्याच्याच पिनांवर झुलतात. दोन उंचवट्यांची कॅम रिंग क्रँकच्या उलट, पाव वेगाने फिरते. सुरतेत उधना-पांडेसऱ्याकडे लूमच्या सुट्या भागांवर हात बसलेले टर्नर आहेत. पिना त्यांना दाखवाच.

खालच्या सिलिंडरांत तेल साचते. म्हणून सुरू करण्याआधी, इग्निशन बंद ठेवून, पंखा हाताने फिरवून घ्या.