मावळतीचं ग्रहण, सोसल्याहून

25 ऑक्टोबर 2022 ची अमावास्या दिवाळीच्या ऐन मध्यावर आली. 24 ला लक्ष्मीपूजन, 26 ला पाडवा आणि मधला दिवस सूर्यग्रहणाचा. पंचांगकर्त्यांनी त्या दिवशी ‘ग्रस्तास्त’ असं नोंदवलं होतं. ग्रहणाचा स्पर्श दिसणार होता, मोक्ष मात्र भारतात कुठूनच दिसणार नव्हता, कारण त्याआधीच सूर्य मावळणार होता. अशा ग्रहणाबद्दल एकाच देशातली दोन गावं दोन वेगळ्या गोष्टी सांगतात. म्हणूनच दिल्ली-मुंबई सोडून कावेरीकाठच्या सोसले या छोट्या गावातून त्याकडे पाहावंसं वाटतं.

सोसले म्हैसूर जिल्ह्यात, टी. नरसीपुराजवळ आहे. कावेरी आणि कपिला तिथे जवळच एकत्र येतात. तिथल्या व्यासराज मठामुळे सोलापूर-विजापूरकडच्या माध्व घरांना हे नाव परकं नाही. ज्या व्यासतीर्थांच्या परंपरेतला हा मठ, त्यांचा जन्मही याच तालुक्यातल्या बन्नूरचा. गंग राजघराण्याची जुनी राजधानी तलकाडूही याच तालुक्यात. या साऱ्या मुलखातल्या शिलालेखांत आणि ताम्रपटांत ग्रहणाच्या पर्वकाळी दिलेल्या दानांचे उल्लेख वारंवार येतात. जमीन कुणाला दिली यापेक्षा ती कोणत्या ग्रहणाला दिली, ही नोंद आज इतिहासकाराच्या जास्त उपयोगी पडते. ग्रहणाची वेळ गणिताने मागे जाऊन काढता येते आणि लेखातली तिथी खरी की खोटी, ते ताडता येतं. आपल्याकडच्या यादव-शिलाहारांच्या लेखांनाही हीच कसोटी लावली जाते.

आता त्या संध्याकाळचं गणित. चंद्राची गडद छाया त्या दिवशी पृथ्वीला शिवलीच नाही. ती उत्तर ध्रुवाच्या बाजूने अवकाशात निघून गेली आणि पृथ्वीवर पडली ती फक्त उपछाया. पश्चिम सैबेरियात सूर्याच्या व्यासाचा सुमारे 86 टक्के भाग झाकला गेला. तिथून दक्षिणेला यावं तसा हा घास लहान होत गेला. दिल्लीत सूर्यबिंबाचा सुमारे 44 टक्के भाग झाकला, मुंबईत सुमारे 24 टक्के आणि म्हैसूरच्या टापूत जेमतेम दहावा हिस्सा. वेळही तशीच सरकत गेली. दिल्लीत साडेचारच्या सुमारास, मुंबईत 4 वाजून 49 मिनिटांनी आणि सोसल्याच्या बाजूला सव्वापाचच्या आसपास ग्रहण लागलं. सूर्यास्तापर्यंत मुंबईकरांच्या वाट्याला 1 तास 19 मिनिटं आली, चेन्नईला 31 आणि कोलकात्याला फक्त 12. सोसल्यात पाऊण तास मिळाला. त्यातही घास सर्वांत मोठा झाला तेव्हा सूर्य क्षितिजापासून दोनेक अंशांवर आला होता. हात लांब करून एक बोट आडवं धरलं तर जेवढं आकाश झाकतं, तेवढीच ही उंची.

या दोन अंशांमुळे गावाचं क्षितिज फार महत्त्वाचं ठरतं. डोक्यावरचं ग्रहण अंगणातूनही दिसतं. मावळतीच्या ग्रहणाला मात्र नारळाची एक रांग किंवा उभ्या उसाचा एक फड पुरतो आणि खेळ संपतो. कावेरीच्या कालव्यांवरच्या या प्रदेशात दोन्हींना तोटा नाही. ऑक्टोबरअखेर सूर्य तिथे नेमका पश्चिमेला मावळत नाही, बाराएक अंश दक्षिणेकडे सरकतो. चामुंडी टेकडी त्याच्या उजवीकडे राहते, आड येत नाही. मोकळा नदीकाठ किंवा उंच गच्ची मिळाली, तर बिंबाच्या उजव्या कडेला पडलेली खोक दिसायला हरकत नव्हती. अर्थात ढगांनी वाट दिली तर. ऑक्टोबरच्या अखेरीस ईशान्य मोसमीचे ढग तिथे नेहमीचेच.

क्षितिजालगतचं बिंब मुळात गोल नसतं, हे अनेकांनी पाहिलेलं असतं पण कारण ठाऊक नसतं. हवेच्या जाड थरातून येताना किरण वाकतात आणि सूर्य आहे त्यापेक्षा वर दिसतो. क्षितिजावर ही उचल सुमारे 34 कलांची असते, तर सूर्याचा स्वतःचा व्यास 32 कलांचा. म्हणजे सूर्याची खालची कड क्षितिजाला टेकलेली आपण पाहतो, तेव्हा खरा सूर्य पूर्ण खाली गेलेला असतो. खालची कड वरच्या कडेपेक्षा जास्त उचलली जाते, म्हणून बिंब चपटं होतं. ग्रस्तास्तात चंद्राची कडही त्याच्याबरोबर दबते. दुपारच्या ग्रहणात हे कधीच पाहायला मिळत नाही. एवढ्यासाठी तरी दहा टक्क्यांच्या ग्रहणाला क्षुल्लक म्हणू नये, असं मला मनापासून वाटतं.

दिवसाढवळ्या अंधारून येईल, ही अपेक्षा मात्र सोडावी. ‘हा सूर्य आणि हा जयद्रथ’ म्हणताना आपल्या डोळ्यांपुढे अवचित झाकोळलेला आणि पुन्हा प्रकटलेला सूर्य येतो. महाभारतातला तो प्रसंग खग्रास ग्रहणाचा असावा, असा तर्क अनेकांनी केला आहे. खंडग्रासाने तसं घडणं शक्य नाही. सूर्याचा फक्त शंभरावा भाग उघडा राहिला, तरी पौर्णिमेच्या चंद्राच्या काही हजार पट उजेड उरतो. सोसल्यात तर नव्वद टक्के सूर्य उघडा होता.

मावळतीच्या ग्रहणाचा खरा धोका त्याच्या सौम्य दिसण्यात आहे. लालसर सूर्याकडे डोळे न दिपता पाहता येतं, म्हणून लोक निर्धास्त होतात. पण हवेने गाळलेला असतो तो मुख्यतः निळा प्रकाश. न दिसणारे अवरक्त किरण बरेचसे पोहोचतात. नेत्रपटलाला वेदना कळत नाही, त्यामुळे इजा होताना समजतही नाही. जुन्या एक्स-रेच्या फिल्मा आणि काजळी धरलेल्या काचा कायमच्या टाकून द्याव्यात. प्रमाणित ग्रहणचष्मा किंवा 14 नंबरची वेल्डिंगची काच वापरावी, आणि दुर्बिणीतून तर तिच्या तोंडावर योग्य फिल्टर बसवल्याशिवाय मुळीच पाहू नये.

सगळ्यांत उत्तम म्हणजे आरसा. छोट्या आरशावर कागद चिकटवायचा, कागदाला बारीक भोक पाडायचं आणि कवडसा अंधाऱ्या खोलीतल्या भिंतीवर सोडायचा. दहा मीटरवर सूर्याचं सुमारे नऊ सेंटिमीटरचं बिंब मिळतं आणि दहा टक्क्यांची खोकही स्पष्ट दिसते. मावळतीचे किरण आडवे येत असल्याने पश्चिमेच्या खिडकीतल्या भोकातून ते आरशाशिवायही थेट समोरच्या भिंतीवर पडतात. घरातली म्हातारी माणसं, लहान मुलं, सारी मिळून पाहू शकतात. ग्रहणात बाहेर न पडणाऱ्यांनाही हे घरात बसून पाहता येतं.

ग्रस्तास्ताला धर्मशास्त्रानेही वेगळा नियम दिला आहे. सूर्य ग्रस्त असतानाच मावळला, तर दुसऱ्या दिवशी शुद्ध बिंब पाहून मग भोजन. बालक, वृद्ध, आजारी यांना त्यातून सूट. कुणी तो पाळो न पाळो, मावळलेल्या सूर्याचा मोक्ष आपल्याला दिसला नाही, याची आठवण त्या नियमात नेमकी ठेवलेली आहे. योगायोग असा, की पुढच्याच पौर्णिमेला, 8 नोव्हेंबर 2022 ला, भारतात चंद्र ग्रहण लागलेल्या स्थितीतच उगवला. मावळता ग्रस्त सूर्य आणि उगवता ग्रस्त चंद्र, दोन्ही एका पंधरवड्यात.

पुढचं सूर्यग्रहण भारतातून 2 ऑगस्ट 2027 ला दिसेल. इजिप्तमध्ये लक्सरजवळ 6 मिनिटं 23 सेकंदांची खग्रास स्थिती असेल. महाराष्ट्रात आणि म्हैसूरकडे ते दुपार कलल्यावर खंडग्रास दिसेल आणि मोक्षही सूर्यास्ताआधीच होईल. कोकणात आणि मुंबईत तो भर पावसाळा. सोसल्याचा भाग घाटाच्या पावसाच्या छायेत येतो, तिथे ऑगस्टातही उघडीप मिळण्याची शक्यता कोकणापेक्षा बरी.